वाकडं नाक

तार्तूत, तिसऱ्या मजल्यावर
विर्वे नवी आवृत्ती रंगवतेय.
गिरणीवाल्याची पोर आता रडत नाही.
पायात बूट, काखेत कुऱ्हाड,
लांडग्याशी पिठाची घासाघीस करते.
जुन्या पुस्तकात तिला नावही नव्हतं.

संपादकबाई खूश. फोनवर म्हणाल्या,
फक्त रानातल्या म्हातारीचं नाक
होतं तसं वाकडंच असू दे,
मुलांना कळायला नको, वाईट कोण?

बाहेर साडेतीनलाच अंधार.
खिडकीच्या काचेत विर्वेचं नाक,
सातव्या वर्षी घसरगाडीवरून पडून मोडलेलं,
एकसष्ट वर्षांचं.

ब्रश धुते.
म्हातारीला आधी चष्मा देते,
भट्टीत काळा पाव,
दाराशी कुणाचे तरी चिखलाचे बूट.
मग नाक.
स्वतःचं. आरशात बघून, मापून.

संपादकबाई नाक मुरडतील.
मुरडू देत.
तेही काढता येतं तिला.