माहितीदार क्रमांक सतरा

गड्डम सर गळ्यावर बोटं ठेवायला लावायचे :
झ म्हणा. थरथरलं? आता स.
बाहेर चव्वेचाळीस डिग्री,
आणि आमचं 'इस्कूल' काही केल्या 'स्कूल' होत नव्हतं.
सर हसायचे नाहीत. म्हणायचे,
ती इ घरची आहे, जपून ठेवा,
पेपरात तेवढी लिहू नका.

रविवारी सायकलवरून विडी घरकुलात.
आई ओट्यावर, मांडीत सूप.
तिला वाटलं, खानेसुमारीवाले.
पानाला काय म्हणता? आकु.
दोऱ्याला? दारम.
आणि कारखान्यात बाजूला काढतात त्या विडीला?
हात न थांबवता ती म्हणाली, छाट.
हा शब्द तेलुगू, कन्नड की मराठी?
आई म्हणाली, नुकसान.

एकोणीस वर्षांनी ग्रंथालयात
सरांच्या प्रबंधाच्या मागच्या पानांत सापडली :
माहितीदार क्र. १७, स्त्री, अंदाजे चाळीस, निरक्षर.
नाव नाही.
फक्त 'छाट'पुढे, पेन्सिलीने, त्यांच्या तिरक्या अक्षरात :
अर्थ अजून नीट लागलेला नाही.

आजूबाजूला कुणी नव्हतं.
मी गळ्यावर बोटं ठेवली.
छ-ला काही नाही. ट-लाही नाही.
मधला आ तेवढा
थरथरला.