तिसरा ब्रश

मुरारचे भदौरिया डॉक्टर गाडी घेऊन आले,
छत्तीसची शेवरले, रंग नवा, भोंगा नवा,
ॲमीटरच्या काचेवर टिचकी मारून म्हणाले,
"बहनजी, सुई बस छह पे? लिखा तो बीस है।"

आहे लिहिलेलं.
वीस इकडे, वीस तिकडे, मधे शून्य.
लिहिलंय तिथवर जायलाच हवं, असं कुठंय?

दौलतगंजात या बाकड्यावर
चाळीस वर्षं मी आर्मेचर भरते.
तांब्याची तार, वार्निश, अभ्रक,
कम्युटेटरच्या फटी खरडायला करवतीचं तुटकं पातं.
डॉक्टरांना स्टूल दिलं, चहा सांगितला,
डायनॅमोची पट्टी सोडून आतलं दाखवलं:
हे दोन ब्रश जाड, आपल्या जागी ठाम.
हा तिसरा, बारका, सरकतो.
फिरण्याच्या दिशेनं जवभर लोटला की चार्ज चढतो,
मागे घेतला की उतरतो.
तीसेक मैलांच्या वेगापर्यंत हा वाढत जातो,
त्याहून पळवलात तर दमतो, कमीच देतो.
पण एक गोष्ट याला जन्मात कळत नाही:
समोरची बॅटरी उपाशी आहे की जेवलेली.
पानावर आडवा हात धरला
तरी हा वाढतच राहतो.
मग पाणी उकळतं, पट्ट्या वाकतात,
टर्मिनलवर पांढरी बुरशी,
बोनेट उघडलं की नाकात आंबट वास.
तेव्हा कळायला हवं ते चालवणाऱ्याला.

"तो छह ठीक है?"
उन्हाळ्यात, दिवसा, भरल्या बॅटरीला
सहा पुष्कळ.

आमचे बाबा याच जातीच्या गाडीवर होते,
शिंदे की छावणीत, एका सरदारांच्या पदरी.
ग्वाल्हेरात मे महिन्यात डांबर बुटाला येतं
आणि जानेवारीत इंजिनातलं तेल गुळासारखं बसतं.
बाबांचं पंचांग दोन ओळींचं होतं,
दिवाळीला ब्रश पुढे,
होळीला ब्रश मागे.
वही ठेवत. तारीख, वेग, सुई.
बाकी संसारातलं अक्षर नाही.
"अधिक बारा."
"अधिक सात. साहेब झोपले."
"कट-आउट चिकटला. कागद फिरवला."

ती वही माझ्याकडे आली त्यांच्या तेराव्यानंतर,
पान्यांच्या पेटीत, तळाशी, ग्रीसनं पारदर्शक झालेली.
मी अशी वाचली जसा आपण दुसऱ्याचा हिशेब वाचतो,
चूक सापडते का बघत.

सापडली.
"२४ जानेवारी. रात्र. वेग दहा मैल. उणे नऊ.
दिवे बंद. उणे तीन. चांदण्यावर भागलं."

दहा मैल?
तीसच्या खाली गाडी न आणणारा माणूस!
एवढ्या हळू गेलं तर डायनॅमो झोपतो,
दिवे बॅटरीचं रक्त पितात,
हे त्यांच्याइतकं ठाऊक कुणाला होतं?
गोल पहाडियापासून कंपूच्या इस्पितळापर्यंत
रस्ता तेव्हा नुसता खड्ड्यांचा.

तारीख मी शाळेच्या दाखल्यावरून ओळखली.
मागच्या सीटवर कोण कण्हत होतं, वहीत नाही.
गाडी विचारून काढली होती का, तेही नाही.
दुसऱ्या दिवशीची नोंद आहे,
"अधिक चौदा. भरते आहे."

हे डॉक्टरांना काही सांगितलं नाही.
ब्रश होता तिथंच ठेवला.
बॅटरीची तार मात्र दोनदा आवळली,
ती सुटली तर हाच भला डायनॅमो
एका दमात सगळे बल्ब जाळतो.
पट्टी बसवली. गाडी सुरू झाली,
कट-आउट टक् करून लागला,
सुई सहावर येऊन किंचित थरथरली.
चहाचे पैसे त्यांनीच दिले.

दिवाळीला या, म्हटलं,
जवभर पुढे घेऊ.