दाढीचा ब्रश

आधी वाटलं, तिला मलमाचाच राग आहे.
पांढरं, चिकट, डोळ्यांत गेलं की झोंबणारं,
राग कुणालाही यावा.
बाटली दिसली रे दिसली की मेरिन टेबलाखाली,
मग सोफ्यामागे,
मग थेट कुत्र्याच्या टोपलीत,
आणि तिथून एकच शब्द: नको.
अडीच वर्षांच्या माणसाकडे शब्द थोडे,
पण हा घासूनपुसून लख्ख ठेवलेला.

कर्स्टी रात्रपाळी करून आत झोपलेली.
रेडिओवरची बाई सांगते,
जेराल्टनला आज उन्हाचा आकडा अकरा.
अकरा म्हणजे किती, ते मला विचारा.
वीस वर्षं बोटीवर शेवंडीचे पिंजरे ओढले मी.
माझ्या डाव्या कानाचा वरचा काठ
पर्थच्या एका डॉक्टरनं कापून
बाटलीत घालून तपासायला पाठवला.
तो काही परत आला नाही.

सगळं करून पाहिलं.
बाहुलीला लावलं. फ्रिजच्या दाराला लावलं.
दहापर्यंत मोजलं, मग सातपर्यंत,
कारण सातापुढे तिला येत नाही.
द्राक्षांची लाच दिली.
द्राक्षं संपली, गाल कोरडेच.
एकदा तर धरून लावलं,
तिचे दोन्ही हात माझ्या एका हातात.
रडली नाही.
नुसती बघत राहिली माझ्याकडे,
आणि बादलीफावडं घेऊन समुद्रावर गेलो तरी
वाळूत बसली ती माझ्याकडे पाठ करून.

शेवंडीला माप असतं.
पट्टी पाठीवर टेकवायची, कमी भरली तर परत पाण्यात.
हजारो सोडल्या असतील मी,
एकीचीही मिशी न मोडता,
फेकायची नाही, पाण्याशी हात नेऊन सोडायची.
मापाला कमी असलेला जीव कसा धरावा
हे या हातांना येत होतं की.
घरी येईपर्यंत कुठे जात होतं कोण जाणे.

मंगळवारी तिनं माझा तळवा ओढून घेतला,
त्यावरून एक बोट फिरवलं,
आणि म्हणाली, "टोचतं."

एवढंच होतं होय!
दोरखंड, मीठ, शिंपल्यांच्या धारा,
वीस वर्षांचे घट्टे,
आणि या पॉलिशपेपरनं मी रोज सकाळी
तिचे गाल घासत होतो,
वर म्हणत होतो, हट्टी आहे पोरगी.

बाथरूमच्या कपाटात बाबांचा दाढीचा ब्रश होता.
बाबा गेले तेव्हा बोट विकली, घड्याळ भावाला दिलं,
हा कुणी मागितला नाही म्हणून माझ्याकडे.
बाबांनी जन्मात मलम लावलं नाही.
म्हणायचे, ते शहरी लोकांसाठी.
ब्रश गरम पाण्यात धुतला, झटकला,
थोडं मलम घेतलं,
आणि तिच्या कपाळावरून हलकेच ओढला.

ती गप्प.
मग नाक. मग हनुवटी.
"अजून," म्हणाली.
मानेला, कोपरांना, पायाच्या बोटांना एकेक करून.
मग ब्रश हिसकावून घेतला.
"आता तू. खाली बस."

बसलो.
तिनं माझ्या भुवया रंगवल्या, दाढी रंगवली,
शर्टाची कॉलरही सोडली नाही.
उजवा कान झाला. डाव्याशी थांबली.
"कुठे गेला?"
"उन्हानं खाल्ला."
तिनं दाराबाहेर पाहिलं,
वाऱ्यानं वाकलेल्या झाडापलीकडच्या पांढऱ्या उजेडाकडे,
जरा वेळ, डोळे बारीक करून.
मग पुन्हा वळली,
आणि जिथे कान संपतो तिथून पुढे,
जिथे नुसती हवा आहे,
तिथेही दोनदा ब्रश फिरवला.

संध्याकाळी कर्स्टीनं आंघोळ घालताना हाक मारली:
डाव्या गुडघ्यामागे एक पट्टा राहिलाय, लाल.
उद्या लक्षात ठेवायचं.
ब्रश खिडकीत वाळतोय, केस वर करून.