धावदोरा

कपडे धुण्याच्या खोलीला लागून
इमारतीची सामायिक खोली. शनिवारी दोन ते चार.
यादीत नाव मीच लिहिते,
कारण फिनिश वाचायला सगळ्यांआधी मी शिकले,
म्हणजे "जाताना दिवे बंद करा" एवढंच.

ताम्पेरेत डिसेंबरात तीनलाच अंधारून येतं.
दिवेलागण म्हणावी, तर दुपारचा चहा व्हायचा असतो.

आम्ही सातजणी. कधी चार.
थेन्मोळीला जुळी आहेत, ती येते तेव्हा
पायातला एक मोजा उलटा असतो, आणि तिला ते माहीत असतं.
रशीदा शिरा आणते. रवा भाजताना भुजला फोन लावून
जे काय रडायचं ते रडून झालेलं असतं.
आम्ही म्हणतो, खमंग झालाय.

बोलणं तरी काय, दूध कधी तोडलंस,
ओवा कुठे मिळाला, कॅनव्हासवरचा रंग सुकतच नाही गं,
आणि मिरजेला मी रक्ताचे नमुने तपासायचे
हे एकदा सांगून झालेलं, तरी पुन्हा ओठांवर येणारं.

मधोमध टेबलावर तो निळा ओव्हरऑल,
बर्फात घालायचा, गळ्यापासून घोट्यापर्यंत एकच चेन.
रूपिंदरने घेतला, नव्वद युरोला.
रुपयांत गुणू नकोस, असं प्रत्येक नवीला आम्ही बजावतो
आणि सगळ्याच गुणतो.

आतल्या पट्टीवर झोरावर. ते एका रेघेने खोडून इळंगो.
मग मोहुल, मग सकीना.
शेवटी माझ्या अक्षरात, जरा तिरकं, निहार.

डावा गुडघा इळंगोने फाडला, घसरगुंडीवर.
परोमिताने जुन्या साडीचा तुकडा लावून कांथा घातला.
मी म्हटलं, मला शिवणातलं काही येत नाही,
फक्त धावदोरा.
ती दात लावून दोरा तोडत म्हणाली,
हे दुसरं काय आहे मग?

पुढे सकीना तिच्या मोहुलला चावली.
परोमिता दोन महिने फिरकली नाही.
तिने शिवलेला गुडघा मात्र
सकीनाच्या पायावर रोज पाळणाघरात जात होता.

कोपरांवर रशीदाचे आरसे.
पाळणाघरातल्या पिर्क्कोबाई खूश,
अंधारात गाडीवाल्याला मूल दिसावं
म्हणून चकाकतं काहीतरी लावा,
हे सांगून सांगून त्या थकल्या होत्या.
आजीने लग्नाच्या चोळीसाठी शिकवलेला टाका
असा रहदारीच्या नियमात बसला.
रशीदा त्या दिवशी हसली, ते मला अजून ऐकू येतं.

रूपिंदर गेली. नवऱ्याचा विभागच बंद झाला.
गुडगावला याचं मी काय करू, म्हणाली,
आणि बटणांचा डबाही ठेवून गेली,
झाकण नीट न लागणारा.

निहार "नको" फिनिशमध्ये म्हणतो. एइ.
मी दर वेळी वळते.
मला ऐकू येतं, ए आई.

यंदा त्याची मनगटं बाहीबाहेर आली.
या शनिवारी मेमचा आली, इंफाळची,
पोटाशी बांधलेलं तीन महिन्यांचं बाळ.
ओव्हरऑल त्याच्या अंगाला यायला तीन हिवाळे लागतील.
ती म्हणाली, तोवर आम्ही इथे असू का, कोण जाणे.
कुणी काही बोललं नाही.
थेन्मोळी खाली वाकून मोजा सरळ करत म्हणाली,
घेऊन तर ठेव. कपाटात काय खायला मागतोय?

बाळाचं नाव अजून ठरायचंय,
तेव्हा पट्टीवर नुसती रेघच मारायची.
ती मीच मारायची. पेन चालेना,
खिडकीजवळ जाऊन काचेच्या वाफेवर गिरवून बघत
विचारलं, निहार, देऊया ना बाळाला?

मागून चेन ओढल्याचा आवाज,
अर्ध्यावर अडकलेली. मग,
एइ.

मी वळलेच.