पगारी हत्तीण

कोठीच्या मागे, दुसऱ्या मजल्यावर,
जुन्या हत्तीखान्याच्या वह्या मी संगणकाला समजावते.
मोडी वाचतात दिघेकाका, चष्मा कपाळावर ठेवून.
मी वाक्यं करते, हाडं तेवढी उरलेली:
माहूत हा माणूस. अंकुश ही वस्तू.
चंपाकळी ही हत्तीण.
जो पगार घेतो, तो माणूस.

हे शेवटचं सोमवारी लिहिलं,
घाईत, सेवउसळ गार होत होती म्हणून.

मंगळवारी रीझनर चालवला.
लाल रेघ नाही, कुरकुर नाही.
फक्त माणसांच्या यादीत,
चिमणाजी माहूत आणि छबिलदास मोदी यांच्या मध्ये
शांतपणे उभी होती चंपाकळी:
दरमहा अकरा रुपये, गुळापोटी आठ आणे वेगळे.

ऋत्वा हसली. "बेन, तुझा नियम म्हणजे दरवान नव्हे."
खरंच, मला वाटलं होतं तो दारात उभा राहील,
सोंड बघून अडवेल.
तो निघाला पंगतीतल्या यजमानासारखा:
पगार घेतेस ना? मग माणूसच तू. बस, पान मांडलंय.

हत्ती वेगळा, माणूस वेगळा,
इतकं उघड कोण लिहून ठेवतं?
ते लिहिलं, आणि सगळं घर कोसळलं.
चंपाकळी माणूस आहे आणि नाहीही;
हे असं एकदा उंबऱ्याच्या आत आलं
की काहीही सिद्ध करता येतं.
सूरसागर कोरडं आहे.
मांडवी चालत चालत स्टेशनवर गेली.
दिघेकाका हे अंकुश आहेत.
काका म्हणाले, "घरी याला पुरावा लागत नाही."

ही भाषा घडवणारे मला आधी कंजूष वाटायचे.
काही वाक्यं त्यांनी बाहेरच ठेवली,
चांगली, वळणावळणाची वाक्यं,
कारण ती आत घेतली असती
तर एखाद्या प्रश्नासरशी यंत्र
उत्तराच्या दिशेनं निघालं असतं
आणि परत आलंच नसतं.
कमी बोलू, पण विचारलेलं कधीतरी संपू दे.
(आमच्या घरात उलटी रीत.)

बुधवारी रजा. आईला घेऊन बँकेत.
पोस्टाच्या पासबुकावर द्वारका, ग्वाल्हेरची;
इथल्या खात्यावर सुनीती,
दांडिया बाजारात, ताटातल्या तांदळांवर
अंगठीनं लिहिलेली.
"बे नाम, एटले बे जण," साहेब म्हणाले.
आई पर्स चाचपत राहिली,
जणू ती दुसरी बाई
सुट्या पैशांच्या कप्प्यात सापडेल.

यंत्र असं म्हणत नाही.
दोन नावं दिसली तर थांबून राहतं:
एक असेल, दोन असतील,
कुणी अजून सांगितलेलं नाही.
वहीत नाही ते खोटं, असंही धरत नाही.
चंपाकळीला पिल्लू होतं का?
पानं उलटून ते म्हणतं, माहीत नाही,
आणि ती जागा मोकळी ठेवतं.
बँकेत अशी खुर्ची नव्हती.

गुरुवारी नियम सुधारला.
जो पगार घेतो, तो चाकर.
चाकर माणूसच असेल असं नाही.
चंपाकळी आता हत्तीण आहे, नोकरीतही आहे,
गूळ चालू.

मग, काम नसताना, चाचणीच्या फायलीत
बँकेसाठी काढलेले आईचे कागद घातले
आणि एक ओळ: द्वारका, सुनीती, एकच व्यक्ती.
पापणी लवायच्या आत
द्वारकेचं होतं नव्हतं ते सगळं,
लष्करातली शाळा, गणितातले ब्याण्णव,
दाखल्यावरचा शेरा, 'बॅडमिंटनमध्ये प्रथम',
सुनीतीच्या नावावर येऊन बसलं.

संध्याकाळी विचारलं, तू बॅडमिंटन खेळायचीस?
ती तुरीच्या शेंगा सोलत होती.
एक दाणा घरंगळत गेला, तो तिनं पायानं अडवला, चपळाईनं.
"छे गं," म्हणाली,
"द्वारका खेळायची."