उठलेली पावलं

आठ वाजता इशबेल मावशीनं गाडी फाटकाशी लावली.
अंधारच होता. डिसेंबरात इथला सूर्य
सरकारी कचेरीसारखा: उशिरा उघडतो, लवकर बंद.
आमच्याआधी एकच निळी व्हॅन,
काचांवर बोटभर दंव,
आत कुणी आहे की नाही, कळेना.

मावशी शाळेची बस चालवते, एकतीस हिवाळे.
बर्फावर चाक सुटलं की ब्रेक दाबायचा नसतो,
हे तिच्या पोटऱ्यांना ठाऊक आहे.
माझ्या नव्या कुऱ्हाडीवर किमतीचं लेबल तसंच होतं.
तिनं ते नखानं खरवडून काढलं,
खिशात घातलं, बोलली काही नाही.

म्यौल रीअवख. म्हणजे कबरा डोंगर.
आज कबरा कुठला, नुसता पांढरा.
ओढा वरून गोठलेला, खाली चालू,
बंद दाराआड कुणी भांडी विसळावीत तसा.
हरणांसाठी घातलेल्या कुंपणाच्या खांबाखांबाला
बर्फाची पिसं फुटलेली.
मला वाटलं, वारा ढकलतो तिकडे वाढली असतील.
नाही. जिकडून मार येतो
तिकडेच तोंड करून वाढतात ती.

अकराला चीज खाल्लं.
मेणबत्तीसारखं तुटलं दातात.
एक ससा आमच्याकडे पाहत बसला होता,
पांढऱ्यात पांढरा,
कानांची काळी टोकं तेवढी लपवायची राहिलेली.

मग ती पावलं दिसली.
खड्डे नव्हेत, चौथरे.
कुणीतरी चालून गेलं होतं, हिम दाबलं गेलं होतं,
आणि मग वाऱ्यानं आजूबाजूचं भुसभुशीत सगळं
खरवडून नेलं होतं.
पायाखाली जे आलं तेवढंच टिकलेलं,
वीतभर उंच, वर तळव्याची नक्षी शाबूत.
ओळीनं चढत गेलेली.
मला बरं वाटलं. वाट दाखवणारं कुणीतरी आहे.

धुकं आलं ते पायऱ्या चढून आल्यासारखं, आधी खालून.
वर-खाली गेलं, जवळ-लांब गेलं.
उरली फक्त ती पावलं,
आणि मी एकेक पाहत पुढे.

‘थांब.’
बसमध्ये मुलं उभी राहिली की जो आवाज लावते, तो.

वाकून तिनं हिमाचा गोळा केला,
माझ्या खांद्यावरून पुढे टाकला.
तो पडला नाही.
म्हणजे पडला असेल, पण आमच्या जगात नाही.

पावलांची ओळ तिथे, चार हातांवर,
कापल्यासारखी संपली होती.
पुढचा तुकडा, छज्जासारखा बाहेर आलेला,
कधीतरी तुटून खाली गेलेला.

मावशीनं तीनदा हाक मारली.
तिसऱ्यांदा आवाज चिरका झाला.
काहीही नाही आलं परत, प्रतिध्वनीसुद्धा.
शिखर अजून दोनशे फूट होतं.
ती कंपासकडे पाहत वळली आणि मोजू लागली,
मोठ्यानं, मुलं चढताना मोजते तशी,
आठशे चाळीस पावलं,
मी तिच्या पाठीवरच्या लाल पट्ट्याला डोळे चिकटवून.

साडेतीनला फाटक. डोक्यावर दिवे लावलेले.
व्हॅनमध्ये उजेड होता.
एक माणूस पातेल्यातूनच सूप पीत बसलेला,
दाढीला लसणाचा वास.
‘पोलिसांना फोन करायचाय,’ मावशी म्हणाली,
‘वर कुणाची तरी पावलं आहेत.’

‘माझीच असतील,’ तो म्हणाला, ‘मंगळवारची.
झकास ऊन होतं. टोकावर बसून डबा खाल्ला,
पाय सोडून, अर्धा तास.’
‘कुठल्या टोकावर?’
त्यानं सांगितलं.
चमच्यानं हवेत आकृतीही काढून दाखवली.
मग मावशीनं सांगितलं.

चमचा तिथेच राहिला.
मग त्यानं, अगदी हळू,
व्हॅनची फरशी पायानं दाबून पाहिली.

‘सूप गार होतंय तुमचं,’ मावशी म्हणाली.
गाडीत बसताना तिनं खिशातून लेबल काढलं,
माझ्या हातावर ठेवलं.
‘सांभाळून ठेव,’ म्हणाली,
‘कुऱ्हाड परत नाही करायची.
पुढच्या शनिवारी हवा बघू.’