पाठ

ओस्लोत डिसेंबर. दुपारी तीनलाच दिवे.
सोल्वाय रेघेला यंदाचा ठिपका जोडते:
मेलानोमा, सगळा देश.
बायकांत पुष्कळदा पोटरीवर, पुरुषांत पाठीवर,
जिथं आपली आपल्याला नजर पोचत नाही.

स्वस्त विमानं दक्षिणेला उडायला लागली
आणि रेघ चढणीला लागली.
अर्धं वर्ष अंधारात काढलेली माणसं
उन्हावर तुटून पडली, पंगत उशिरा बसल्यासारखी.
कोण नावं ठेवणार त्यांना?

तरुणांची रेघ हल्ली जराशी वाकलीय.
आस्लाक म्हणतो, टोपी, मलम, अक्कल.
ती म्हणते, दहा वर्षं थांब, मग बोलू.

खणात एक फोटो. मायोर्का, चौऱ्याहत्तर.
आईच्या खांद्यांची सालपटं निघालेली, तरी हसतेय.
वाळूत सहा वर्षांची सोल्वाय, उघडी, लालबुंद.
आई आता ब्याण्णवच्या ठिपक्यात आहे.
ठिपक्यांना नावं नसतात.

सगळे आकडे तिला पाठ.
पाठ तेवढी बघायची राहिलीय.

आज घरी जाताना
शेजारच्या गुडवेगचं दार वाजवायचं,
स्वेटर वर करायचा
आणि म्हणायचं, दिवा जवळ घे.
अजून जवळ.